थांबवणारी दोरी

टोकावड्याला आमच्या शेताच्या बांधावर एक माळा होता. भाताच्या लोंब्या भरू लागल्या की रानडुकरांपासून रात्रीची राखण करावी लागे. आजोबा माळ्यावर बसत आणि त्यांच्या पायाशी एका दोरीचे टोक असे. खुंट्याखुंट्यांवरून ती दोरी शेताच्या पार दुसऱ्या कडेला गेलेली, आणि तिला जागोजागी फुटके डबे, जुनी पातेली बांधलेली. कुठे खुसफुस झाली की आजोबा दोरी ओढत आणि सगळे शेत खडखडू लागे. दोरी भिजली की आखडे, ऊन पडले की सैल होई. सकाळी उठून ती पुन्हा नीट ताणून ठेवणे हे माझे काम. पुढे तीस-बत्तीस वर्षे मी पोटासाठी जो उद्योग केला, त्याची शिकवणी तिथेच झाली, असे आता वाटते.

माझा उद्योग काय, हे सांगताना नेहमी पंचाईत होते. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारले, तेव्हा मी ‘पट्ट्यांचे कंट्रोल करतो’ असे सांगून बसलो. त्यांना वाटले, जावई घड्याळाच्या दुकानात आहे. तर सांगायचे ते असे, की कोळसा, खनिज, धान्य, चुनखडी असला सुटा माल पोत्यात न भरता रबराच्या लांबलचक पट्ट्यांवरून वाहून नेतात. तो पट्टा केव्हा सुरू व्हावा, कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर आणि काय झाले असता थांबावा, हे ठरवणारी विजेची यंत्रणा आखणे हे माझे काम. आमच्या गावावरून जुन्या काळी नाणेघाट चढून बैलांच्या पाठीवरून माल जाई आणि घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात पडे, असे सांगतात. तिथे बैल थांबवायला ‘हो’ म्हटले की पुरत होते. पट्ट्याला कान नसतात, ही सगळी अडचण.

मालाचा आकडा ऐकला म्हणजे या कामाची कल्पना येईल. नाशिकजवळच्या एकलहरे वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. असा एक संच पूर्ण शक्तीने चालला तर दिवसाला अंदाजे तीन ते साडेतीन हजार टन कोळसा लागतो. म्हणजे तिन्ही संचांना मिळून रोज अडीच-तीन मालगाड्या, आणि एका मालगाडीला साधारण ५८ वाघिणी! वाघीण रुळांच्या तुकड्यासकट कुशीवर वळवून एका झटक्यात रिकामी करतात. तो कोळसा खालच्या खड्ड्यातून पट्ट्यावर, तिथून दळणयंत्रात, पुन्हा पट्ट्यांवर आणि शेवटी बॉयलरच्या वरच्या कोठारात जातो. घरात बटण दाबले की दिवा लागतो, त्याच्या मागे ही सगळी रांग उभी असते.

या रांगेचा पहिला नियम मला कोणत्याही पुस्तकाने शिकवला नाही, आमच्या आबांनी शिकवला. आमची भाताची गिरणी होती. एक डिझेल इंजिन, वर आडवा दांडा आणि त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्राला उतरलेला चामडी पट्टा. भात बादल्यांच्या एलेवेटरने वर चढे, शेलरमध्ये सोलले जाई, पंख्याने तूस उडे आणि तांदूळ पॉलिशला जाई. मी एकदा हौसेने आधी एलेवेटर सुरू केला. पॉलिशचे यंत्र बंदच होते. दोन मिनिटांत तांदूळ वरपर्यंत तुंबला आणि अर्धा दिवस हाताने उपसावा लागला. आबा रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “आधी फुडचं चालू कर, मंग मागचं. बंद करताना मागून यायचं.”

कोळशाच्या पट्ट्यांचा कायदा नेमका हाच आहे. सुरुवात शेवटच्या पट्ट्यापासून. मधला एखादा पट्टा थांबला तर त्याच्या मागचे सगळे त्याच क्षणी थांबले पाहिजेत, पुढचे मात्र अंगावरचा माल टाकून रिकामे होईपर्यंत चालू राहावेत. ताशी हजार टन वाहणारा पट्टा दर सेकंदाला सुमारे २७८ किलो कोळसा पुढे टाकतो. पुढचा पट्टा बंद पडला आणि मागचा एक मिनिट जरी चालत राहिला, तर दोघांमधल्या घसरणीवर जवळजवळ सतरा टन कोळसा कोंदतो. म्हणून पट्टा फिरतो आहे की नाही, कडेला सरकला आहे का, घसरण तुंबली आहे का, हे पाहणारे छोटे छोटे राखणदार आम्ही जागोजागी बसवतो. हा झाला मालाचा हिशेब.

माणसाचा हिशेब वेगळा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी, चालायच्या वाटेला लागून, एक तार ओढलेली असते. धंद्यात तिला ‘पुल कॉर्ड’ म्हणतात, कामगार ‘दोरी’ म्हणतात. रेल्वेच्या डब्यातली साखळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, तशीच ही. कुठूनही ओढा, ठरावीक अंतरावर बसवलेला स्विच सुटतो आणि पट्टा थांबतो. तो स्विच ओढलेल्या स्थितीतच अडकून राहतो. कोणीतरी चालत तिथवर जाऊन, काय झाले ते डोळ्यांनी पाहून, हाताने सरळ केल्याशिवाय पट्टा पुन्हा सुरू होत नाही. शिवाय सगळे ठीक असते तेव्हा त्या स्विचांच्या वायरींतून वीज वाहत असते. वायर तुटली तर पट्टा चालू राहत नाही, थांबतो. कसाऱ्याच्या बाजूला जुने हाताचे सिग्नल होते, त्यांची तार तुटली की हात आपोआप धोक्यावर जाई, त्यातलाच हा प्रकार. कागदावर पाहाल तर याच्याइतकी निर्दोष गोष्ट नाही.

आता १९८८ सालची हकिगत. विदर्भातला एक कारखाना, नाव सांगत नाही. कोळशाचा साडेचारशे मीटरचा पट्टा, आणि नकाशा माझा. दोरीचे स्विच साधारण वीस-पंचवीस मीटरवर बसवावेत, असा माझा मूळ आराखडा होता. खर्च कमी करायची बैठक झाली. एवढे स्विच कशाला, दोरी काय रोज ओढायची असते, असा प्रश्न आला. मी नवखा नव्हतो, पण वादही घातला नाही. अंतर साठ मीटर केले, नकाशावर सही केली आणि मुंबईची गाडी पकडली.

साठ मीटर लोखंडी तार दुपारच्या उन्हात लांबते आणि झोळ पडतो, मग ती ओढली तरी झोळच ताणला जातो, स्विचपर्यंत ओढ पोचत नाही. डिसेंबरच्या रात्री तीच तार आखडते आणि कोणी हात न लावता स्विच सुटतो. रात्रपाळीच्या माणसाने मग काय करायचे? कडाक्याच्या थंडीत, अंधारात, पाव किलोमीटर चालत जायचे, कोणता स्विच सुटला ते शोधायचे, सरळ करायचा, परत यायचे आणि तासाभराने पुन्हा तेच. तिकडे बॉयलरवाला फोनवर ओरडत असतो. पहिल्या महिन्यात मी गेलो तेव्हा एक जण म्हणालाही होता, “सायेब, थंडी पडली का तुमचा दोर आपसूकच पट्टा बंद पाडते जी.” मी स्प्रिंगा जरा सैल करून दिल्या आणि परतलो.

जानेवारीत कोणीतरी पॅनेल उघडून दोन टर्मिनलांवर वीतभर वायर जोडली. दोरी ओढली काय आणि न ओढली काय, पट्ट्याला आता पत्ताच लागणार नव्हता. कोणी जोडली, हे कधीच बाहेर आले नाही. मला विचाराल तर अख्ख्या पाळीने जोडली.

नंतर पंधरा-वीस दिवसांनी एक कामगार शेपटाकडच्या रोलखाली सांडलेला कोळसा ओढत होता. फावडे पट्ट्यात गेले, फाावड्यामागोमाग बाही. त्याच्या जोडीदाराने दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग तो जवळच्या बटणाकडे धावला. त्या पट्ट्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर होता. तो बटणापर्यंत पोचेस्तोवर चाळीस सेकंद गेले असतील तर शंभर मीटर पट्टा त्या हातावरून गेला. माणूस वाचला. उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशी झाली. चालू पट्ट्याखाली साफसफाई केली, हा कामगाराचा निष्काळजीपणा, असा निष्कर्ष निघाला. तसे पाहिले तर १९४८ च्या कारखाने अधिनियमात चालत्या यंत्राजवळ काम करण्याबद्दल कडक अटी होत्या, अंगासरशा कपड्यांचीही अट होती आणि ते कपडे मालकाने पुरवायचे होते. त्या माणसाच्या अंगावर त्याचा घरचाच ढगळ सदरा होता. हे अहवालात नव्हते. वीतभर वायरीचा उल्लेख एका ओळीत होता. साठ मीटरचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण तो फक्त मला ठाऊक होता आणि मी गप्प बसलो. माझे दोन पानांचे टिपण मी दिले ते आठ महिन्यांनी, दुसऱ्या कामाच्या नकाशाबरोबर, जिथे ते लिहिल्याने कोणी मला काही विचारणार नव्हते. त्या कारखान्यात पुढे स्विचांची संख्या दुपटीहून जास्त केली. त्या माणसाला भांडारात बसते काम मिळाले. मी एकदा भेटलो तर त्याने डाव्या हाताने चहा पुढे केला आणि नवी दोरी आता उगाच ओरडत नाही, असे मलाच समाधानाने सांगितले.

सुरक्षेची साधने लोक बंद पाडतात म्हणून त्यांना बेपर्वा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ती सोडून दिली. खोटे ओरडणारा राखणदार कोण पाळील? त्यानंतर कुठल्याही कामावर माझा पहिला प्रश्न, गेल्या महिन्यात दोरी किती वेळा विनाकारण सुटली, हा असे. आकडा मोठा निघाला तर पॅनेल उघडून वायर शोधायची आणि सापडली तर वायर जोडणाऱ्याला नव्हे, नकाशा काढणाऱ्याला बोलवायचे. काही ठिकाणी तो नकाशावाला मीच निघालो!

मधल्या काळात यंत्रणाच बदलली. १९६९ मध्ये अमेरिकेत डिक मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हा प्रोग्रॅमवर चालणारा नियंत्रक आणला, तो मोटार कारखान्यातली रिलेंची कपाटे हटवण्यासाठी. माझ्या हाती तसले यंत्र नव्वदच्या सुमारास आले. भिंतभर टकटकणाऱ्या रिलेंच्या जागी एक पेटी. सोय फार झाली, यात शंका नाही. पण रिलेच्या पॅनेलमधली चोरटी वायर टॉर्च मारला की दिसे. प्रोग्रॅममध्ये एखादा स्विच ‘सदैव ठीक’ करून ठेवला तर तो महिनोन् महिने कोणाला दिसत नाही. म्हणून दोरीची वायर आम्ही प्रोग्रॅममधून घ्यायचो ती केवळ बातमीपुरती. पट्टा थांबवण्याचे काम मोटारीच्या कॉन्टॅक्टरला थेट जोडलेली वायरच करी. तरुण इंजिनिअर याला जुन्या माणसांचा हट्ट म्हणत. म्हणोत बापडे.

आता निवृत्तीनंतर मी महिन्यातले पंधरा दिवस टोकावड्याला असतो. आबांची गिरणी मोडीत गेली. पट्टा सरकवायचा लाकडी दांडा तेवढा आढ्याला खोचलेला आहे. पुतण्याने मागच्या पडवीत विजेच्या मोटारीवरची छोटी गिरणी घातली आहे. पट्टा उघडाच होता. मी त्याला जाळी बसवायला लावली आणि पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ओढून दिली. ओढली की मोटार बंद. “काका, दहा फुटांच्या गिरणीला कसली दोरी?” म्हणून तो हसला, पण राहू दिली.

आठवड्याभरात तक्रार आली, गिरणी सारखी बंद पडते. मी जाऊन उभा राहिलो. वहिनी ओली चादर घेऊन आल्या आणि त्यांनी ती दोरीवर टाकली. मोटार थांबली. पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. त्याचा हात स्विचच्या झाकणाकडे चालला होता, तो मी तिथेच थांबवला, आणि संध्याकाळच्या आत वहिनींना अंगणात, उन्हाच्या बाजूला, कपड्यांसाठी वेगळी दोरी बांधून दिली.