पाच स्वरांचा शेजार

ग्वाल्हेरच्या आमच्या घरी माळ्यावर एक बुलबुलतरंग बरीच वर्षे धूळ खात पडला होता. तो आमच्या थोरल्या बंधूंचा. कचेरीतून आल्यावर दादा तो पुढ्यात घेऊन बसत. डाव्या हाताने टंकलेखनयंत्रासारख्या कळा दाबीत आणि उजव्या हाताने तारा छेडीत. ख्यालगायकीच्या अभिमानात वाढलेल्या आम्ही त्यास 'वरातीतले वाद्य' म्हणून हिणविले. दादांनी प्रतिवाद केला नाही. एके दिवशी वाद्य माळ्यावर गेले, ते त्यांच्या हयातीत पुन्हा खाली आले नाही.

दादांच्या पश्चात असे वाचनात आले की, या वाद्याचे मूळ जपानमध्ये आहे. नागोया शहरी १९१२ साली गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' नावाचे कळांचे तंतुवाद्य घडविले; त्याचेच भारतीय रूप म्हणजे आपला बुलबुलतरंग. आपल्या घरात नांदलेल्या पाहुण्याचे कुळही आपण कधी विचारले नव्हते, याची खंत वाटली. त्या खंतीपोटी आम्ही जपानी वाद्यसंगीत ऐकू लागलो. त्यातील जे मनात राहिले, ते रसिक वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ 'कोतो'पासून करावा. तेरा तारांचे हे लांबलचक वाद्य जमिनीवर आडवे ठेवून वाजवितात. सतराव्या शतकातील अंध वादक यात्सुहाशी केंग्यो यांच्या नावावर असलेली 'रोकुदान' ही रचना सहा खंडांची असून तिची गती हळूहळू वाढत जाते. विलंबितातून द्रुताकडे जाण्याची सवय असलेल्या आपल्या कानांस ती परकी वाटत नाही. शिवाय तिच्या स्वरमेळात षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल धैवत असे पाच स्वर मिळतात. हे तर आपल्या गुणक्रीचे स्वर! अर्थात स्वर तेच असले तरी राग तोच होत नाही. गुणक्रीचे आंदोलन येथे शोधू नये. परंतु शेजाऱ्याच्या अंगणात आपल्याच जातीचे फूल दिसावे, तसा आनंद मात्र होतो.

कोतोबरोबर 'शाकुहाची' ही बांबूची उभी बासरी ऐकावी. पुढे चार आणि मागे एक, एवढीच तिची छिद्रे. फुके पंथाचे भिक्षू डोके झाकणारी वेताची टोपली घालून ती वाजवीत भिक्षा मागत. तो पंथ १८७१ साली सरकारी हुकुमाने बंद झाला, पण बासरी टिकली. क्रौंच पक्ष्यांच्या घरट्याची आणि पिलांवरील मायेची 'त्सुरु नो सुगोमोरी' ही रचना अवश्य ऐकावी. फुंकरीचा खरखरीत आवाजही तेथे संगीताचा भाग असतो, आणि दोन स्वरांमधील स्तब्धतेस स्वराइतकेच मोल असते.

या दोन्ही वाद्यांचा संगम मिचिओ मियागी यांच्या 'हारु नो उमी' म्हणजे 'वसंतातील समुद्र' या १९२९ सालच्या रचनेत आहे. मियागींची दृष्टी बालपणीच गेली होती. न दिसणाऱ्या सागराच्या लाटा त्यांनी तारांवर आणल्या. आज जपानमध्ये नववर्षाच्या दिवसांत ही धून सर्वत्र कानी पडते.

प्राचीन काळी जावयाचे असेल तर 'गागाकू' हे राजदरबारी संगीत आहे. चीन व कोरियाकडून आलेली ही परंपरा हजार वर्षांहून जुनी. त्यातील सतरा नळ्यांचा 'शो' श्वास सोडताना आणि घेतानाही वाजतो. म्हणून त्याचा नाद तंबोऱ्यासारखा अखंड राहतो. 'एतेनराकू' ही रचना प्रथम ऐकावी. सन ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूने केला, आणि त्या सोहळ्यात नाना देशींचे संगीत व नृत्य झाले, हेही ध्यानी असावे.

लोकसंगीतात उत्तरेकडील त्सुगारू प्रांताचे 'शामिसेन' ऐकावे. तारांवर आणि कातड्यावर एकदमच आघात होतो. चिकुझान ताकाहाशी हे जवळजवळ अंध वादक तरुणपणी दारोदार वाजवीत हिंडले आणि उतारवयात देशभर नावाजले गेले. ढोलांची आवड असणाऱ्यांनी सादो बेटावरील, १९८१ साली स्थापन झालेल्या 'कोदो' संचाकडे वळावे.

आधुनिकांमध्ये तोरू ताकेमित्सू यांची १९६७ सालची 'नोव्हेंबर स्टेप्स' ही रचना बिवा, शाकुहाची आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांना समोरासमोर बसविते. ती धीराने ऐकावी. सोपे हवे असल्यास र्‍युइची साकामोतो यांनी १९८३ सालच्या 'मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स' या चित्रपटासाठी केलेली पियानोची धून पुरे. आपल्या पंडित रविशंकरांनीही १९७८ साली होझान यामामोतो यांची शाकुहाची व सुसुमु मियाशिता यांचा कोतो यांच्या सोबतीने ध्वनिमुद्रण केले आहे.

गेल्या दिवाळीत दादांच्या कन्येने माळा साफ करताना बुलबुलतरंग खाली काढला. "काका, बाबांनी हे वाजवणं का सोडलं?" तिने विचारले. इतरांच्या चुका दुरुस्त करण्यात आमचे आयुष्य गेले, तरी स्वतःची चूक सांगताना जीभ जड झाली. पण सांगितले. ती काही बोलली नाही. पदराने कळांवरील धूळ पुसत राहिली. आता नव्या तारा बसविल्या आहेत. तिची बोटे अजून अडखळतात. संध्याकाळी ती वाजवू लागली की आम्ही शेजारी जाऊन बसतो आणि ऐकतो.