विवाहाविना संसार आणि विभक्तीनंतरचे हक्क

म्हैसूर संस्थानाने १९३३ साली हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा एक स्वतंत्र कायदा केला. अविभक्त कुटुंबाच्या वाटणीत माता, विधवा व अविवाहित कन्या यांना हिस्सा देणारा तो कायदा त्या काळाच्या मानाने पुढारलेला होता. पण त्यातील हक्क जन्माच्या किंवा विवाहाच्या नात्यावर उभे होते. आज त्याच म्हैसुरात नोकरीनिमित्त आलेले एखादे जोडपे विवाह न करता संसार थाटते. पुढे ताटातूट झाली तर कोणाच्या पदरी काय पडते?

असा संसार नवा नाही. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात अशा स्त्रीला ‘अवरुद्धा स्त्री’ म्हणत. पुरुषाच्या मृत्यूपर्यंत एकनिष्ठ राहिल्यास तिला त्याच्या मालमत्तेतून पोटगी मिळे. १९२६ साली प्रिव्ही कौन्सिलने मुंबईकडील एका खटल्यात तो हक्क मान्य केला. मात्र त्याने हयातीत तिला टाकले, तर तिला दाद नव्हती. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यातील आश्रितांच्या यादीत तर तिचे नावच राहिले नाही.

ही उणीव काही अंशी भरून निघाली ती कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने. २००५ साली संमत झालेला हा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला. ‘विवाहसदृश’ संबंधातील स्त्रीला छळाविरुद्ध संरक्षण, राहत्या घरात निवारा व निर्वाहखर्च मागता येतो. आर्थिक कोंडी हाही छळच मानला आहे. ती म्हैसुरात तात्पुरती राहत असली तरी तेथील दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पुरुषाला मात्र या कायद्याखाली असा अर्ज करता येत नाही.

‘विवाहसदृश’ या शब्दातच खरी मेख आहे. दोघे वयाने व अन्य दृष्टींनी विवाहास पात्र असावेत, समाजात पतिपत्नीप्रमाणे वावरलेले असावेत आणि त्यांचा सहवास दीर्घ असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. कर्नाटकातील एका स्त्रीला खालच्या न्यायालयाने दरमहा १८,००० रुपये मंजूर केले होते. सहवास अठरा वर्षांचा होता. पण पुरुष विवाहित असल्याचे तिला प्रथमपासून ठाऊक होते. म्हणून २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात तिचा दावा टिकला नाही.

निर्वाहखर्च मिळाला तरी मालमत्तेत वाटा मिळत नाही. घर ज्याच्या नावे, त्याचे. पत्नीच्या नावे आपल्या पैशाने घर घेण्यास बेनामी व्यवहारांच्या कायद्यात सवलत आहे. अविवाहित जोडीदाराला ती नाही. तेव्हा हप्ते एकाने भरले आणि खरेदीखत दुसऱ्याच्या नावे झाले, तर ‘घर वस्तुतः माझेच’ हा दावा कायद्यानेच अडतो. यासाठी खरेदीखतावर दोघांची नावे व हिस्से असावेत, दिलेल्या रकमेचा लेखी करार असावा आणि हप्ते बँकेमार्फत भरावेत.

अपत्यांची स्थिती निराळी आहे. आईबापांचा विवाह झालेला नसला तरी अज्ञान अपत्याला पोटगीचा हक्क आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

सारांश, विवाहित स्त्रीला नाते सिद्ध करण्यास विवाहाची नोंद पुरते. अविवाहित सहचारिणीला सहवासाचे प्रत्येक वर्ष पुराव्यानिशी मांडावे लागते. भाडेकरार, संयुक्त खाते, विम्यावरील नामनिर्देशन हे कागद सलोख्याच्या दिवसांत क्षुल्लक वाटतात. पण ते तयार करण्याचा काळ तोच असतो.