प्रयोगशाळेतील दूषित कपडे

१९४९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय निबंधात धुलाईखान्यातील कामगारांना झालेल्या क्यू ज्वराची हकीकत आहे. हा रोग प्रामुख्याने गुरे व शेळ्यामेंढ्या यांच्या संसर्गातून होतो. या कामगारांना मात्र तो दूषित कपड्यांतून जडला असावा, असा निबंधकारांचा निष्कर्ष होता. क्यू ज्वराचे जंतू वाळल्यानंतरही दीर्घकाळ टिकतात आणि कपडा झटकला की धुळीबरोबर श्वासात जातात. आपण काय हाताळीत आहोत याची संशोधकास जाणीव असते. कपडे धुणाऱ्यास ती नसते.

बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेपासून निम्हान्सपर्यंत जीवशास्त्रीय संशोधन करणाऱ्या अनेक संस्था आहेत, आणि मल्लेश्वरमसारख्या भागात धोबीघाटही आहे. डगला घरच्या बादलीत किंवा धोब्याच्या गाठोड्यात पडण्यापूर्वीच निरुपद्रवी करणे, ही म्हणून प्रयोगशाळेची जबाबदारी ठरते. दूषित डगला अंगावरून उतरविताना बाहेरची बाजू आत दुमडावी, तो झटकू नये, आणि जागच्या जागी पिशवीत घालावा.

कपडे पाण्यात उकळले की झाले, असे अनेकांना वाटते. काही जीवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यातून बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले असल्याने तेथे पाणी ९७ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते. बीजाणूंच्या नाशासाठी १२१ अंशांची संपृक्त वाफ लागते. मुंबईत ऑटोक्लेव्हच्या दाबमापकावर चौरस इंचास १५ पौंड दाब दिसला की हे तापमान गाठले जाते. बेंगळुरूत त्याच आकड्याला ते सुमारे दीड अंशाने कमी भरते. कारण दाबमापक बाहेरील हवेपेक्षा जास्त असलेला दाबच तेवढा दाखवितो, आणि तेथील हवा मुळात विरळ असते. काटा साडेसोळा पौंडांच्या आसपास न्यावा लागतो, अर्थात पात्र तेवढ्या दाबासाठी बनविलेले असेल तरच. दाबापेक्षा तापमापकावर भिस्त ठेवणे बरे.

घट्ट बांधलेल्या गाठोड्यात हवा अडकते व वाफ आत शिरत नाही. कपडे सैल ठेवावेत आणि पिशवीचे तोंड उघडे असावे. पंधरा मिनिटे मोजावयाची ती गाभ्याचे तापमान १२१ अंशांवर पोहोचल्यानंतर. पिशवीवरील चिकटपट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता बाहेरून लागली, एवढेच कळते. खरी परीक्षा गाठोड्याच्या मध्यभागी ठेवलेल्या बीजाणूंच्या पट्टीने होते.

वाफ जंतूंना मारते, रसायनांना नव्हे. फॉर्मॅल्डिहाइड किंवा विरंजक द्रव सांडलेला कपडा ऑटोक्लेव्हमध्ये घातल्यास विषारी वायू मात्र निर्माण होतात. किरणोत्सारी फॉस्फरस-३२ लागलेला कपडा आडोशामागे साठवून ठेवता येतो: त्याचे अर्धायुष्य सुमारे १४.३ दिवसांचे असल्याने १४३ दिवसांनी किरणोत्सार हजाराव्या हिश्श्याखाली उतरतो.

जो कपडा वाचविण्याजोगा उरत नाही, त्याची वाट निराळी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रक्त वा शरीरस्राव लागलेले टाकाऊ कापड पिवळ्या पिशवीत जाते, आणि सूक्ष्मजीवशास्त्रीय प्रयोगशाळेचा कचरा तर जागेवरच निर्जंतुक करून मगच बाहेर द्यावयाचा असतो. पिशवी नेणारा कामगारही तिच्यात काय आहे हे उघडून पाहणार नसतो.