चामडं, मीठ आणि क्रोम

परवा बॅगेसाठी चामडं कापलं, तर कडेला आतून निळसर झाक. क्रोमची खूण!

कातडं हे कत्तलखान्याचं उपउत्पादन, पण पाण्याची नासाडी त्यापुढे सुरू होते. सडू नये म्हणून कातड्याला मीठ चोळतात. टॅनरीत पहिल्याच धुण्यात त्यातलं बरंचसं सांडपाण्यात उतरतं. मग चुना नि सल्फाइडने केस काढायचे, त्यानंतर कातडं कमावायला क्रोमियम सल्फेट, म्हणजेच क्रोम. कानपूरच्या जाजमऊत प्रक्रिया केंद्र असूनही असलं पाणी वर्षानुवर्षं गंगेत गेलंय.

अस्सल कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल नि हिरडा वापरून कमावतात. क्रोम नाही, पण काम आठवड्यांचं. चुना तिथेही लागतोच. त्यामुळे ‘इको-फ्रेंडली’ची पाटी बघून मी तरी भुलत नाही.