पलटणीतली मास्तरीणबाई

१ जानेवारी १८६३. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्य, ब्यूफर्ट गावाजवळची कॅम्प सॅक्स्टन ही छावणी. ओकच्या झाडांखाली हजारो काळे स्त्री-पुरुष जमले होते. कालपर्यंत ते कुणाच्या तरी मालकीचे होते! त्या दिवशी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा त्यांच्यासमोर वाचला गेला. काळ्या शिपायांच्या पलटणीला निशाण देण्यात आले. तोच गर्दीतून एका म्हाताऱ्याने चिरक्या आवाजात देशगीत सुरू केले, दोन बायांनी त्याला साथ दिली आणि बघता बघता सगळा जमाव गाऊ लागला. व्यासपीठावरचे काही गोरे पाहुणेही गाऊ लागले, तेव्हा पलटणीचा गोरा कर्नल हिगिन्सन याने त्यांना खुणेने गप्प केले. तो आवाज ज्यांचा, त्यांचाच राहू दिला.

त्या गर्दीत एका शिपायाची चौदा वर्षांची बायको होती. तिचे नाव सूझी किंग. भाजलेल्या बैलांचे जेवण घरच्यासारखे रुचकर नव्हते, तरी सर्वांनी भुकेने ताव मारला, अशी आठवण तिने पुढे लिहून ठेवली. बाईच्याच नजरेतून सुटणार नाही अशी गोष्ट!

सूझीचा जन्म १८४८ सालचा, जॉर्जिया राज्यात, गुलामीत. गुलामाने अक्षर शिकणे तिथे गुन्हा होता. सव्हाना शहरात एका स्वतंत्र काळ्या विधवेच्या घरी चोरून शाळा भरे. मुले पुस्तके कागदात गुंडाळून, एकेक करून आत शिरत. त्या चोरून मिळवलेल्या अक्षरांवर ही मुलगी पुढे आयुष्यभर चालली. १८६२ साली काकाबरोबर पळून ती उत्तरेच्या सैन्याकडे आली. सार्जंट एडवर्ड किंगशी तिचे लग्न झाले. पलटणीच्या दप्तरी तिची नोंद परटीण म्हणून होती. प्रत्यक्षात ती जखमींची शुश्रूषा करी, बंदुका साफ करी आणि रिकाम्या वेळी शिपायांना लिहा-वाचायला शिकवी. चार वर्षे तीन महिने ती हे काम करत होती. पगार? एक डॉलरही नाही.

१८६६ मध्ये पलटण मोडली. त्याच वर्षी जहाजावरचा माल उतरवताना अपघात होऊन एडवर्ड वारला. सूझी तेव्हा गरोदर होती. सव्हानामध्ये तिने शाळा काढली, पण फुकट शाळा निघाल्यावर तिची चालेना. अखेर परक्यांच्या घरी मोलकरीण म्हणून राबावे लागले.

(अमेरिकेतील गुलामगिरी संपवणाऱ्यांचे मोल आपल्या जोतिरावांनी जाणले होते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सदाचारी जनांना अर्पण केला.)

बोस्टनला आल्यावर सूझीबाईंनी पलटणीतला धागा पुन्हा हाती धरला. १८८६ साली माजी सैनिकांच्या मदतीसाठी झटणाऱ्या विमेन्स रिलीफ कोअर या संघटनेची ६७ वी शाखा उभारण्यास त्यांनी हातभार लावला. पहारेकरी, चिटणीस, खजिनदार असे करत १८९३ मध्ये त्या अध्यक्षा झाल्या. मोलकरणीचे काम केलेली बाई अध्यक्षा!

आणि तरीही १८९८ साली लुइझियानात मुलगा मरणपंथाला लागला असताना त्याला घरी बोस्टनला नेण्यासाठी आगगाडीत झोपायची जागा मिळाली नाही. काळ्यांना ती विकत नसत. मुलगा तिथेच वारला. हे सगळे त्यांनी १९०२ साली स्वतःच्या पुस्तकात मांडले, कटुता दडवली नाही.

सूझीबाई १९१२ साली गेल्या. सव्हानामधील एका चौकाला गुलामगिरीचा पुरस्कर्ता जॉन कॅल्हून याचे नाव होते. ते आधीच काढून टाकले होते. २०२३ साली नगरपरिषदेने त्या चौकाला सूझी किंग टेलर यांचे नाव दिले.