वारा ढकलतो, तळ वाट आखतो

मेडनहेड : बोल्टर्स लॉकच्या वरच्या बाजूला टेम्सपासून ज्युबिली नदी फुटते. नाव नदीचे असले, तरी हा २००२ साली पूर्ण झालेला, सुमारे ११ किलोमीटर लांबीचा पूरनियंत्रण कालवा आहे. पुराचे पाणी मेडनहेड आणि विंडसरला वळसा घालून पुन्हा टेम्सला मिळते. पाण्याला ढकलणारी शक्ती एक आणि त्याची वाट आखणारा तळ दुसरा, हे येथे डोळ्यांनी दिसते. महासागरांतही हाच न्याय चालतो आणि मेडनहेडच्या सौम्य हिवाळ्याचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे.

मेडनहेड साधारण ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. अटलांटिकच्या पलीकडे, कॅनडातील गूस बे येथे थोड्याच अधिक अक्षांशावर जानेवारीचे सरासरी तापमान उणे १५ अंशांच्याही खाली जाते. ब्रिटनवर मात्र पश्चिमेचे वारे समुद्राची ऊब घेऊन येतात.

समुद्राच्या पृष्ठभागावरील मोठे प्रवाह मुख्यतः वाऱ्यामुळे चालतात. परंतु पाणी वाऱ्याच्या दिशेनेच सरळ जात नाही. उत्तर ध्रुवीय समुद्रातील हिमखंड वाऱ्याच्या उजवीकडे सरकतात, हे नॅन्सेन यांनी पाहिले होते. पृथ्वीच्या परिवलनाच्या आधारे एकमन यांनी १९०५ मध्ये त्याचे गणित मांडले. या वळणामुळे उपोष्ण अटलांटिकच्या मध्यभागी पाण्याचा किंचित उंचवटा तयार होतो आणि त्याभोवती विशाल चक्र फिरू लागते. या चक्राची पश्चिम बाजू अरुंद आणि वेगवान का, याचा उलगडा स्टॉमेल यांनी १९४८ मध्ये केला. तीच गल्फ स्ट्रीम. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून सेकंदाला सुमारे तीन कोटी घनमीटर पाणी वाहते.

येथून पुढे तळाचे राज्य सुरू होते. फिरत्या पृथ्वीवर मोठे, संथ प्रवाह शक्यतो समान खोलीच्या रेषा धरून चालतात. समुद्रातील डोंगररांग ओलांडणे त्यांना सहज जमत नाही. ग्रीनलँडपासून स्कॉटलंडपर्यंत अशीच एक रांग पसरली आहे. तिच्या उत्तरेकडे गार होऊन जड झालेले पाणी खोल साचते आणि मोजक्या खिंडींतूनच दक्षिणेकडे उतरते. डेन्मार्क सामुद्रधुनीतील खिंड सुमारे ६३० मीटर खोल आहे. तिच्यावरून उतरणारे पाणी जगातील सर्व नद्यांच्या एकत्रित प्रवाहाच्या दुपटीहून अधिक भरते. जड पाणी खाली दक्षिणेकडे आणि उबदार पाणी वरून उत्तरेकडे, असा हा अटलांटिकचा अभिसरण-पट्टा आहे.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर याचेच वेगळे रूप दिसते. हिवाळ्यात तेथील प्रवाह स्थानिक वाऱ्याच्या विरुद्ध उत्तरेकडे वाहतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये त्याची निरीक्षणे प्रसिद्ध केली. दूरवरच्या, अगदी बंगालच्या उपसागरावरील वाऱ्यांनी उठवलेल्या लाटाही किनारा आणि खंडान्त उतार यांना बिलगून येथवर पोहोचतात. म्हणजे वारा एकीकडचा आणि प्रवाह दुसरीकडचा; दोहोंना जोडणारा दुवा तळाच्या घडणीत आहे.

समुद्रतळ माणसाच्या आयुष्यात फारसा बदलत नाही. पाण्याची उष्णता आणि क्षारता मात्र बदलत आहे. ग्रीनलँडचे वितळलेले गोडे पाणी समुद्राला हलके करते आणि हलके पाणी सहज बुडत नाही. म्हणूनच साउथॅम्प्टनच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ अमेरिकी सहकाऱ्यांसह २००४ पासून २६.५ अंश उत्तरेवर अटलांटिकच्या आरपार उपकरणे रोवून हे अभिसरण मोजत आहेत. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात ते मंदावण्याची दाट शक्यता आहे. २१०० पूर्वी ते अचानक कोसळणार नाही, असे समितीला मध्यम खात्रीने वाटते. तसे झालेच, तर युरोप कोरडा पडेल आणि आशियाचा मोसमी पाऊस क्षीण होईल, असेही अहवाल बजावतो. टेम्सकाठचे घर आणि सह्याद्रीकाठचे गाव, दोहोंचे पाणी अशा रीतीने एकाच हिशेबात मोजले जाते.