खासगी शिकवणी की गटवर्ग?

फ्रान्सच्या आल्प्समध्ये स्कीच्या उतारांना हिरवा, निळा, लाल आणि काळा असे चढत्या अवघडपणाचे रंग दिलेले असतात. निळ्यावर दोन्ही स्की समांतर ठेवून सहज वळणारा माणूस लाल उताराच्या तोंडाशी थबकतो, ही मध्यम पातळीची नेहमीची अडचण. भीतीने शरीर मागे झुकते, स्कीच्या पुढच्या भागावरचा भार कमी होतो, वळण हाताबाहेर जाते आणि भीती आणखी वाढते. हे चक्र तोडायला खासगी शिकवणी सरस. प्रशिक्षक सोपा उतार निवडतो, उभे राहण्याची ढब सुधारतो, स्की आडव्या धरून हळूहळू घसरत उतरण्याचा सराव करून घेतो. एवढे जमले तरी तीव्र उतारावर अडकून पडण्याची धास्ती बरीच ओसरते, आणि ते फार मोलाचे आहे. गटवर्ग बहुधा आठवडाभर, रोज काही तास चालतो. तो बराच स्वस्त, सोबतही मिळते. मात्र वेग गटाचा असतो आणि मागे पडू नये म्हणून घाबरा माणूस घाई करतो. आधी एक-दोन तास खासगी, मग गट, हा क्रम अशा शिकाऊंना मानवतो. नाव नोंदवताना पातळी फुगवून सांगू नये. जड गेल्यास पहिल्याच दिवशी खालचा गट मागून घ्यावा.